ऐकले तेवढेच

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हेगमेस्टर नावाचे बेट आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी, तिथल्या घड्याळात दुपारचे पावणेचार वाजून गेले असताना, त्या बेटाच्या आसपास सुमारे ३८,९०० फुटांवरून एका चिमुकल्या ट्रान्समीटरने आपला ठावठिकाणा कळवला. के९वायओ हे त्याचे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख. इलिनॉय राज्याच्या उत्तर भागातल्या हौशी मंडळींनी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सोडलेला तो फुगा पृथ्वीभोवती अनेक फेऱ्या घालत १२३ दिवस हवेत टिकला होता. त्यानंतर त्याचा संदेश कुणालाच ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी कॅनडाच्या युकॉन प्रदेशावर, साधारण चाळीस हजार फुटांवर, एका लहान नळकांडीवजा अनोळखी वस्तूला अमेरिकी एफ-२२ विमानाने क्षेपणास्त्र मारून पाडले. वाऱ्यांचा हिशेब मांडून हवेतल्या वस्तूचा मार्ग सांगणारे ‘हायस्प्लिट’ हे अमेरिकी सरकारी गणित त्या दिवशी हा फुगा युकॉनवरच दाखवत होते. पाडलेल्या वस्तूचे अवशेष सापडले नाहीत आणि आठवड्याभरात शोध थांबला. १६ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सांगितले की, त्या दिवसांत पाडलेल्या तीन लहान वस्तू बहुधा खासगी कंपन्यांच्या, हौशी लोकांच्या किंवा संशोधन संस्थांच्या असाव्यात.

इतका जुळून येणारा योग हाताशी असताना ‘तो आमचाच होता’ असे सांगून जगभर नाव मिळवणे त्या मंडळींना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. शेवटचा संदेश कुठून आणि किती वाजता आला ते जाहीर केले आणि फुगा हरवला आहे एवढेच म्हटले. या प्रस्तावनेचा सारा भर त्या संयमावर आहे. अतिउंच फुग्यांचा रेडिओवरून माग काढणे ही यंत्रांची हौस समजली जाते, आणि अँटेना, डोंगल, सॉफ्टवेअर यांच्या गप्पांत ती हौस दिसतेही. पण या छंदाने निरीक्षणाची एक पद्धत घडवली आहे, असे माझे म्हणणे आहे. कोणी ऐकले, कुठून ऐकले, केव्हा ऐकले, आणि काय ऐकू आले नाही, हे सगळे उघड्यावर मांडायचे. त्यापलीकडे एक पाऊलही टाकायचे नाही. रडार, हवामान खाते आणि संशोधन संस्था यांच्या शेजारी सामान्य नागरिकाच्या नोंदीला जागा मिळायची असेल तर ती या पद्धतीच्या जोरावर मिळेल. भारी यंत्र घेतल्याने ती मिळत नाही.

आधी वर काय उडते ते पाहू. जगभरातली शेकडो हवामान केंद्रे रोज ठरलेल्या वेळी हायड्रोजन किंवा हेलियमने भरलेले रबरी फुगे सोडतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार ००.०० आणि १२.०० या मुख्य वेळा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. मुंबई, नागपूर आणि पणजी ही आपल्या परिसरातली अशी केंद्रे. फुग्याला दोरीने टांगलेल्या डबीला रेडिओसोंड म्हणतात. ती तापमान आणि आर्द्रता मोजते, उपग्रहांवरून स्वतःचे स्थान काढते आणि दर सेकंदाला सगळे रेडिओवरून खाली कळवते. फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने चढतो. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम सव्वा टक्का उरतो, त्यामुळे फुगत फुगत त्याचा व्यास सुटतानाच्या चौपट होतो. शेवटी रबर ताण सोसू शकत नाही, फुगा फुटतो आणि डबी छोट्या पॅराशूटने कुठेतरी उतरते. फिनलंडच्या व्हैसाला कंपनीची ‘आरएस-४१’ ही जगात खूप वापरली जाणारी सोंड शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही.

रेडिओ येण्याआधी हे काम कसे चालत असे, ते इथे मुद्दाम सांगायला हवे. पॅरिसजवळच्या ट्राप येथून लेऑं तेस्रां द बोर यांनी स्वयंनोंदी उपकरणे फुग्यांबरोबर वर पाठवली आणि १९०२ मध्ये स्थितांबराचा शोध जाहीर केला. उपकरण खाली पडल्यावर कुणाला तरी सापडले आणि त्याने ते परत केले, तरच ती नोंद हाती येई. के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये ‘नेचर’मध्ये वरच्या हवेतल्या तापमानाची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यामागेही फुग्यांच्याच नोंदी होत्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी आणि ३० जानेवारी १९३० रोजी रशियात पाव्हेल मोल्चानोव्ह यांनी रेडिओवरून बोलणारे उपकरण उडवले आणि शेतात सापडलेल्या डबीवरचे अवलंबन संपले. मात्र एक गोष्ट तशीच राहिली. वरची वस्तू जे सांगते ते ऐकायला खाली कुणी असले तरच त्याची नोंद होते, आणि ऐकणारा कुठे बसला आहे यावर ती नोंद किती पूर्ण हे ठरते.

याचे गणित सोपे आहे. सोंड ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. फुगा ३० किलोमीटर उंचीवर असताना त्याचे क्षितिज सहाशे किलोमीटरांहून दूर असते, म्हणून नागपूरवरच्या फुग्याचा संदेश तत्त्वतः हैदराबादच्या गच्चीवरही यावा. डबी खाली येऊ लागली की हे वर्तुळ झपाट्याने आकसते. भूभाग अगदी सपाट धरला तरी दोनशे किलोमीटरवरच्या श्रोत्याला ती सुमारे २,३०० मीटर उंचीवर असतानाच क्षितिजाआड जाते. शंभर किलोमीटरवरच्याला ती ६०० मीटरपर्यंत ऐकू येते. ६०० मीटर उतरायला तिला जेमतेम दोन मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात वारा तिला फार तर किलोमीटर-दीड किलोमीटर ढकलतो. २,३०० मीटर उतरताना मात्र ती पाच-सहा किलोमीटर सरकू शकते, म्हणजे एका गावाऐवजी चार गावांचे शिवार पालथे घालावे लागते. सह्याद्रीच्या रांगा मध्ये आल्या की हे सगळे आकडे आणखी बिघडतात. फुगा सोडणाऱ्या केंद्राला हवामानाच्या दृष्टीने हवे असते ते चढतीच्या वाटेवर मिळून गेलेले असते. उतरतीचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा त्याच्या कानाआड घडतो. तो टप्पा भरून काढणारी माणसे म्हणजे जागोजागच्या घरांवर अठरा-एक सेंटिमीटरची तार उभी करून बसलेले हौशी श्रोते.

त्यांच्या पडद्यावर काय दिसते? मूळ टीव्हीसाठी बनवलेल्या, यूएसबीत खोचायच्या स्वस्त डोंगलवर रिसीव्हर चालतो. पडद्यावर वॉटरफॉल, म्हणजे वरून खाली सरकणारा फ्रिक्वेन्सीचा आलेख. निळसर गोंधळात एक अरुंद उजळ पट्टा उमटतो, दोन कडा किंचित ठळक असलेला. डिकोडर सुरू केला की दर सेकंदाला एक ओळ येते : डबीचा अनुक्रमांक, फ्रेमचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, उंची, तापमान. फ्रेममध्ये चुका दुरुस्त करणारे जादा बिट असतात, त्यामुळे ती एक तर पूर्ण उलगडते किंवा टाकून दिली जाते; अर्धवट ऐकून अंदाज बांधायला जागा राहत नाही. ‘सोंडहब’ या खुल्या जागतिक जाळ्यावर ही ओळ ऐकणाऱ्याच्या नावासह जाते आणि त्याच क्षणी आणखी चार ठिकाणी ऐकलेल्या त्याच फ्रेमशेजारी बसते. एकाच्या संगणकात घोळ असला तर तिथेच उघडा पडतो. एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागू नये, अशी ही रचना आहे.

वर उडणाऱ्या फुग्यांची दुसरी जात अगदी निराळी, आणि माझ्या मते जास्त विलक्षण. तिला पिको बलून म्हणतात. वाढदिवसाला मिळतो तशा चकचकीत पातळ फॉइलच्या फुग्यात अर्धवट वायू भरतात, खाली सौरपट्ट्या, जीपीएस आणि ट्रान्समीटर असे मिळून दहा-वीस ग्रॅमचे ओझे लावतात. फॉइल रबरासारखे ताणले जात नाही. फुगा चढता चढता पूर्ण भरला की त्याचे आकारमान थांबते, आजूबाजूची हवा त्याच्याइतकीच विरळ होते आणि साधारण बारा किलोमीटरवर तो तरंगत राहतो, जोरदार पश्चिमी वाऱ्यांच्या ऐन वाटेवर. बॅटरीचे वजन परवडत नाही, म्हणून सूर्य मावळला की तो गप्प होतो आणि सकाळी ऊन पट्ट्यांवर पडले की पुन्हा बोलू लागतो. माग काढणारा रोज रात्री त्याला हरवतो आणि उजाडल्यावर वाऱ्याच्या अंदाजाशी ताडून शोधतो.

त्याच्या ट्रान्समीटरची ताकद दहा ते पंचवीस मिलिवॅट, हातातल्या टॉर्चच्या एका बारीक एलईडीला लागते त्याहूनही कमी. तरी तो हजारो किलोमीटरवर ऐकू येतो, याचे श्रेय ज्यो टेलर यांच्या पद्धतीला. जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकीचे नोबेल मिळालेले हे शास्त्रज्ञ स्वतः हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत. २००८ मध्ये त्यांनी ‘व्हिस्पर’ ही पद्धत आणली. संदेश फक्त ५० बिटांचा : २८ बिट कॉलसाइनला, १५ ठिकाणाला, ७ शक्तीला. तो सम मिनिटाला सुरू होतो आणि सुमारे ११० सेकंद चालतो. अवघ्या सहा हर्ट्झ रुंदीत इतक्या सावकाश, की कानाला फक्त खरखर ऐकू येत असताना संगणक त्यातून शब्द काढतो. ठिकाण चार अक्षर-अंकांत सांगायचे असते. पुणे एमके६८ मध्ये येते, नागपूर एमएल९१ मध्ये. आपल्या अक्षांशावर असा एक चौकोन साधारण २११ किलोमीटर रुंद आणि १११ किलोमीटर उंच भरतो. फुग्यासाठी एवढे ढोबळ स्थान पुरत नाही, म्हणून लगेच दुसरा संदेश जातो. त्याचे कॉलसाइन जगात कुणालाच दिले जात नाही अशा अक्षराने किंवा अंकाने, म्हणजे शून्य, एक किंवा ‘क्यू’ने सुरू होते, आणि त्याच्या पोटात नेमके स्थान, उंची, तापमान, व्होल्टेज भरलेले असते. सागरातल्या बेटावरच्या, ध्रुवीय तळावरच्या, शहरी गच्चीवरच्या रिसीव्हरनी ते ऐकले की वेळ, फ्रिक्वेन्सी, ऐकणाऱ्याचे ठिकाण आणि सिग्नल किती क्षीण होता ते एका सार्वजनिक नोंदवहीत जमा होते. यातल्या बहुतेकांना आपण फुगा ऐकतोय याची कल्पनाही नसते; ते आपल्या अँटेनाची परीक्षा घेत असतात. साक्षीदाराला खटला माहीत नसणे हे साक्षीचे बळच आहे.

हौशी कानांनी मोठ्या घटनांची नोंद ठेवल्याचा इतिहास जुना आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला सुटलेला स्पुत्निक २०.००५ मेगाहर्ट्झवर बोलत होता, साध्या रिसीव्हरला सहज गाठता येईल अशा जागी, आणि जगभरच्या हॅमनी तो ऐकला. त्याहून बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे. तिथले भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकून वेळा टिपत. १९६६ मध्ये कॉसमॉस उपग्रहांच्या कक्षा मांडताना त्यांच्या लक्षात आले की हे उपग्रह तोवर माहीत असलेल्या तळावरून सुटलेलेच नाहीत, आणि त्यांनी उत्तरेतल्या प्लेसेत्स्कच्या तळाकडे बोट दाखवले. सोव्हिएत सरकारने तो तळ असल्याचे मान्य केले १९८३ मध्ये. शाळेकडे रडार नव्हते, हेर नव्हते. नोंदी तारीखवार होत्या आणि त्यातून निघणारा निष्कर्ष कुणालाही पुन्हा तपासता येईल असा होता.

आता २०२३ कडे परत येऊ, कारण एका यंत्रणेला जे दिसते ते दुसरीला का दिसत नाही हे तिथे उघड झाले. ४ फेब्रुवारीला चीनचा मोठा फुगा पाडल्यानंतर उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण दलाने रडारच्या गाळण्या बदलल्या. तोवर फार सावकाश जाणाऱ्या वस्तू संगणक गोंगाट समजून वगळत असे. त्या आता पडद्यावर येऊ लागल्या. आठवड्याभरात तीन वस्तू दिसल्या आणि तिन्ही पाडल्या गेल्या. असे लहान फुगे मात्र त्या आठवड्यात प्रथमच उडू लागले नव्हते. वर्षानुवर्षे ते पृथ्वीभोवती फिरत होते आणि त्यांची नावे, मार्ग, उंची खुल्या नोंदवहीत पडून होती. रडारला वस्तू दिसत होती, ती कोणाची हे कळत नव्हते; हौशी नोंदवहीत नाव होते, पण त्या क्षणी युकॉनवर तीच वस्तू आहे हे दाखवणारा संदेश नव्हता. या दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहायची काही व्यवस्था असती तर चार लाख डॉलरहून महागडी क्षेपणास्त्रे डागण्याआधी निदान एक प्रश्न विचारला गेला असता. यावरून ‘हौशी मंडळी बरोबर, सरकार चूक’ असे मी म्हणत नाही. विमानमार्गाच्या उंचीवर अनोळखी वस्तू दिसल्यावर काळजी करणे हे त्या दलाचे कामच आहे. माझा मुद्दा एवढाच की खुली नोंद आधीपासून होती आणि ती विचारात घेण्यासारखी होती.

आणि तरीही के९वायओच्या मंडळाने दावा केला नाही. असे का, हे कळायला संदेश न येण्याची कारणे मोजावी लागतात. फॉइलला सूक्ष्म गळती लागून फुगा खाली आला असेल. पट्ट्यांवर बर्फ जमला असेल. फेब्रुवारीत अलास्कात सूर्य क्षितिजालगत असतो, त्यामुळे पुरेशी वीजच तयार झाली नसेल. दूरचे संदेश खाली परतवणाऱ्या आयनांबराच्या लहरीपणामुळे संदेश निघूनही कुठे पोहोचला नसेल, किंवा जिथे पोहोचला तिथे कुणाचा रिसीव्हर चालू नसेल. क्षेपणास्त्र हे या यादीतले आणखी एक कारण, इतरांहून थरारक, पण पुराव्याच्या दृष्टीने इतरांहून वजनदार नाही. वाऱ्याचे गणित फुगा कुठे असावा ते सांगते. तो तिथे होता ही गोष्ट फक्त ऐकलेला संदेश सांगू शकतो.

हीच नोंदवही उलट्या पद्धतीने वापरली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ८ मार्च २०१४ ला नाहीसे झालेले मलेशियाचे एमएच३७० विमान शोधण्यासाठी काहींनी व्हिस्परच्या जुन्या नोंदी उकरल्या. दूरदूरच्या दोन केंद्रांमधल्या संदेशात त्या रात्री जे बारीक चढउतार झाले, ते मधून गेलेल्या विमानामुळे झाले असे धरून त्यांनी विमानाचा मार्गच आखला. ज्यांनी ही पद्धत तयार केली त्या टेलर यांनी हे शक्य नसल्याचे स्पष्ट सांगितले. कारण उघड आहे. आयनांबरातून येणारा कोणताही क्षीण संदेश विमान असो वा नसो मिनिटामिनिटाला वरखाली होतो; हजारो किलोमीटरवरच्या विमानावरून उसळून आलेला अंश त्या चढउतारात कुठल्या कुठे बुडून जातो. ज्याच्याकडून एकही संदेश निघालेला नाही त्याला संदेशांच्या वहीत शोधणे म्हणजे आपल्याला हवे ते त्यात वाचणे. विमानातल्या माणसांच्या नातेवाइकांना खोटी आशा मिळते, हे याचे सर्वांत मोठे दुःख. दोन्ही प्रकरणांत नोंदवही एकच होती. एका ठिकाणी माणसे नोंद संपली तिथे थांबली, दुसऱ्या ठिकाणी नोंद नव्हती तिथून पुढे चालू लागली. ही रेषा दाखवता येत नसेल तर या छंदाची ओळख करून देण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

काही आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की जीपीएस चिप स्थान सांगते आणि सॉफ्टवेअर ते उलगडते, तर माणसाने यात काय केले? स्थान चिप सांगते हे खरे. पण कोणत्या जागी रिसीव्हर नाही, कोणती टेकडी आड येते, घरातल्या एलईडी दिव्याच्या अडॅप्टरचा गोंगाट ४०४ मेगाहर्ट्झवर किती चढतो, आलेली फ्रेम आजची की जमिनीवर पडलेल्या कालच्या डबीची, हे चिप सांगत नाही. ही सगळी माहिती नसेल तर नकाशावरचा ठिपका दिसतो, त्याची विश्वासार्हता दिसत नाही.

दुसरा आक्षेप विमानांच्या सुरक्षेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत युटा राज्यावर, ३६,००० फुटांवर, युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सच्या काचेवर एक वस्तू आदळली. काचेचे तुकडे उडून वैमानिकाला जखमा झाल्या. ती वस्तू एका खासगी हवामान कंपनीचा फुगा होती. तिचे वजन सव्वा किलोच्याही आत होते आणि हलक्या फुग्यांना लागू असणारे नियम ती पाळत होती. ‘हलका आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा हौशी लोकांचा लाडका युक्तिवाद त्या दिवशी दुबळा झाला. वीस ग्रॅमचे ओझे आणि किलोभराचे ओझे यांत फार अंतर आहे हे मान्य करूनही, फुगा सोडणाऱ्याने वजन, आकार, दोरीची मजबुती आणि विमानमार्ग यांचा विचार करून परवानगी घेतलीच पाहिजे. शिवाय हा धोका ज्याचा ठिकाणा कळत नाही अशा फुग्याचा सर्वांत जास्त. माग काढणाऱ्यांचे काम त्यामुळे जास्त गरजेचे ठरते. रात्री गप्प होणारा पिको बलून या कसोटीवर कमी पडतो, हे मात्र झाकून ठेवू नये.

तिसरा कचऱ्याचा. अमेरिकेचे हवामान खाते वर्षाला सुमारे ७५,००० सोंड सोडते आणि त्यांतल्या वीस टक्क्यांहून कमी परत मिळतात. बाकीचे रबर, फोम, दोरा आणि लिथियमच्या बॅटऱ्या रानात, समुद्रात जातात. इथे श्रोत्यांचा उपयोग सरळ आहे. डबी उतरताना शेवटच्या शेकडो मीटरपर्यंत ऐकलेली असेल तर ती शोधून आणता येते, आणि आरएस-४१ च्या आतला संगणक, जीपीएस आणि ट्रान्समीटर नव्याने प्रोग्रॅम करून पुन्हा उडवण्याचे काम हौशी लोक करतात. पिको बलूनबद्दल असे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तो बहुधा समुद्रातच पडतो आणि कुणी आणायला जात नाही. म्हणून नव्याने येणाऱ्याने आधी पुष्कळ ऐकावे आणि सोडायचाच असेल तर कारण असेल तेव्हाच सोडावा, असे मी म्हणेन.

चौथा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो : सरकारी फुग्यांचे संदेश ऐकणे म्हणजे गुपित फोडणे नव्हे का? हवामानाच्या फुग्यांच्या नोंदी काही तासांत जागतिक जाळ्यावर सर्व देशांना दिल्या जातात. पावसाचे अंदाज त्यांवरच उभे आहेत. त्यात गुपित काही नाही. भीतीचे मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीत असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे बलून केंद्र पन्नास ते पंचाऐंशी मीटर व्यासाचे प्लास्टिकचे फुगे ३० ते ४२ किलोमीटरपर्यंत पाठवते आणि त्यांची उपकरणे तेलंगण, उत्तर कर्नाटक, विदर्भ-मराठवाडा अशा टापूत उतरू शकतात. संस्था आधी पत्रक काढते, उपकरणांवर सूचना लावते. तरी एखाद्या शिवारात पांढरे अवाढव्य प्लास्टिक आणि तारांची पेटी पडली की गावभर वावड्या उठतात. अशा ठिकाणी फुग्यांची माहिती असणारी दोन माणसे तालुक्यात असली तर पेटीला हात न लावता पोलिसांना नेमके काय सांगायचे ते ती सांगू शकतात. कायद्याच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. प्रसारण करायचे तर परीक्षा देऊन हौशी केंद्राचा परवाना आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन घ्यावे लागते, आणि फुगा उडवायचा तर हवाई वाहतुकीची परवानगी वेगळी. देशोदेशीचे नियमही निराळे. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे हवेतून हौशी प्रसारणाला मनाई होती, म्हणून पिको बलूनचे प्रोग्रॅम त्या देशावरून जाताना आपणहून गप्प राहात.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यासाठी एक भौगोलिक संधी आहे, ती या विषयावरच्या परदेशी पुस्तकांत सापडत नाही. हिवाळ्यात आपल्यावरून वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. पावसाळ्यात १४-१५ किलोमीटरच्या आसपास तो उलटतो आणि पूर्वेकडून जोराने वाहू लागतो. पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात वर्णन केलेला हा पूर्वेचा उष्णकटिबंधीय झोतवारा मोसमी पावसाच्या यंत्रणेचा भाग आहे. त्यामुळे एकाच केंद्राचा फुगा जानेवारीत एका दिशेला आणि जुलैत विरुद्ध दिशेला पडतो. वर्षभर नोंदी ठेवणाऱ्याला मोसमी वाऱ्यांची ही उलथापालथ उतरण्याच्या जागांवरून दिसू शकते, अर्थात फुग्याने ती उंची गाठली असेल आणि नोंदी खाडाखोड न करता ठेवल्या असतील तर.

नोंदवहीची पहिली ओळ लिहिताना फुगा ऐकू आलाच पाहिजे असे नाही. रिसीव्हर किती वाजता चालू केला, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ठेवला, अँटेना कुठल्या दिशेला मोकळी होती आणि कुठल्या दिशेला इमारत आड होती, वॉटरफॉलवर गोंगाट किती होता, किती वाजता बंद केला, हे सगळे लिहावे आणि शेवटी ‘काही ऐकू आले नाही’ असे नोंदवावे. पुढे कधी त्याच संध्याकाळचा एखादा फुगा दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर तो आपल्या बाजूला आला नव्हता की आपल्याला ऐकूच आला नव्हता, हे ठरवायला हीच ओळ लागते.